केसभर फट

अंगठ्याला लागलेलं ग्रीस चमकत होतं. काळपट, चिकट, मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस — अंगठा खिडकीकडे वळवला की त्यात बारीक चांदी उठायची, परत फिरवला की विझायची... विरास्तीने अंगठा पुन्हा वळवला. उठली. रोबोच्या मागच्या डाव्या चाकाशी, गिअरबॉक्सच्या झाकणावर नारळाच्या पानांची, फुलांनी भरलेली चिमुकली परडी ठेवताना तिचं बोट झाकणाच्या कडेला घासलं होतं, बस्स, एवढंच. आणि आता समोर उदबत्त्यांचा धूर, अंगावर तीर्थाचे थेंब, हात जोडून डोळे मिटलेला कॉलेजचा सगळा संघ, आणि हिचं सगळं लक्ष स्वतःच्या अंगठ्यात. ही कसली चांदी, हे पोलाद आहे. आत दात दाताला खातोय. ग्रीसमध्ये चमक आली की काहीतरी झिजतंय, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं — आणि नेमका आज तुंपेक लांदेप, लोखंडाचा सण. आज लोखंडाची पूजा करायची आणि त्याला विश्रांती द्यायची. पान्हा नाही, हातोडी नाही, साधा स्क्रूसुद्धा पिळायचा नाही.

तिने अंगठा मुठीत लपवला. पूजेचे पांढरे कपडे, पुसणार कुठे?

वर्कशॉपच्या मधोमध रोबो पिवळं वस्त्र गुंडाळून बसला होता, ऐटीत, जणू आजच्या सणाचा जावईच. त्याच्या मागे भिंतीशी चटईवर तिचा बापा. डोक्याला पांढरं फडकं, कपाळावर ओले तांदूळ, गुडघ्यांवर हात. बापा डोळे मिटून बसला नव्हता. बापा झाकणाकडे बघत होता. त्याने स्वतः कानशीने घासलेल्या, कडेला स्वतः कमळ कोरलेल्या त्या झाकणाकडे, आणि चेहऱ्यावर असं काही समाधान की विरास्तीला एकदम रडूच यायला लागलं. मग रागही आला. कुणी सांगितलं होतं त्याला? कुणी सांगितलं होतं झाकणाखालच्या चकत्या काढायला?

"काय गं, लग्न लावून देऊ का तुझं रोबोशी? किती वेळ टक लावून बघतेस," शेजारी बसलेला अरिमबावा कुजबुजला. हा संघाचा कप्तान. जिभेला हाड नाही, पण मनाचा साफ.

"अरी, मागचं डावं झाकण उघडून बघायला हवं."

"आज?" त्याने डोळे वटारले. "वेडबिड लागलं का? पांडेची मुलगी तू, आणि आजच्या दिवशी पान्हा हातात घेणार?"

"आवाज येतो त्यातून. काल ऐकलास ना."

"तो? झकास आवाज आहे तो. जोर आहे असं वाटतं." मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "हे बघ, संध्याकाळी रोबो लाकडी खोक्यात घालून खिळे ठोकायचे. पहाटे ट्रक. सुराबायाला स्पर्धेच्या जागी उतरल्यावर तपासणी, शिक्के, की थेट मैदान. मधे कुठे सवडच नाही. आता आजच उघडायचं तर... तुझे बापा पांडे आहेत, त्यांनी हो म्हटलं तर कुणाची हरकत असणार? त्यांना विचार. ते म्हणाले उघडा, तर मी स्वतः पान्हा आणून देतो."

त्यांना विचार. किती सोपं. बापाला विचारायचं म्हणजे बापाला सांगायचं. आणि बापाला सांगायचं म्हणजे...

पांडे म्हणजे लोहार. आडनाव लोहाराचं म्हणून मुलीच्या हाताला लोखंडाची उपजत जाण असणार, हे कॉलेजात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि तिनेही ते कधी खोडून काढलं नव्हतं. काढायला हवं होतं. घरी भट्टी पेटली की मुलींनी आत जायचं नाही, ही आजोबांच्या वेळची पद्धत. भात्याचा आवाज तिने आयुष्यभर भिंतीच्या या बाजूने ऐकला. लोखंड तिला पुस्तकातून कळलं. तरी अरिमबावा येईल-जाईल त्याला सांगायचा, आमच्याकडे पांडे आहे, आमचे गिअर बिघडायची काय बिशाद! आणि ती हसायची. छान वाटायचं, खोटं कशाला बोला.

रोबोचं अंग अरुंद. मोटर लांबीच्या दिशेने झोपवावी लागते, चाकाचा दांडा मात्र तिच्याशी काटकोनात, म्हणजे मधे फिरणाऱ्या जोराला कोपऱ्यावर वळवून नेणारं काहीतरी हवं: तिरप्या दातांची दोन चाकं, एक लहान, एक मोठं, एकमेकांत अडकलेली. तयार मिळतात त्या पेट्या एवढ्या अगडबंब की रोबोत मावेनात. मग तिनेच शक्कल काढली होती. देनपसारच्या भंगारबाजारात मोडकी ग्राइंडर मिळतात, त्यांच्या तोंडात नेमकी हीच जोडी असते. मोटरीचा जोर काटकोनात वळवून पात्याला देणारी. गिअर ग्राइंडरचे घ्यायचे आणि पेट्या आपण नव्या, लहान करायच्या. सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. पण पेट्या करणार कोण, तर रविवारी घरी जेवताना ती सहज बोलली आणि बापाचा घास हातातच राहिला.

"मी करतो की."

बापा कोयते करतो, सुऱ्या करतो, वर्षाकाठी एखाददुसरा खंजीर देवळासाठी. आताशा कोयतेही जावाहून तयार येतात. बापा बोलून दाखवत नाही, पण भट्टी रोज पेटत नाही हे भिंतीच्या या बाजूलाही कळतं. आणि त्या महिन्यात ती रोज पेटली. पेट्या तर ॲल्युमिनियमच्या, कापून-घासून करायच्या, भट्टीचं त्यात काम ते काय! — तरी पेटली. आई फोनवर म्हणायची, तुझा बाप गाणी म्हणतोय गं, मला तर भीतीच वाटायला लागलीय.

ज्या दिवशी ती पेट्या आणायला गेली, त्या दिवशी बापाने तिला भट्टीच्या खोलीत बोलावलं. पहिल्यांदा. तिने नमुन्याबरोबर दिलेल्या पितळी चकत्या, कागदाएवढ्या पातळ, झाकणाखाली बसवायच्या, मोठ्या चाकाला लहान चाकापासून तेवढंच लांब धरणाऱ्या... त्या चकत्या ऐरणीवर एका बाजूला नीट मांडून ठेवल्या होत्या. शिल्लक राहिल्यासारख्या.

"या काढल्या," बापा म्हणाला. "यांच्यामुळे हलत होतं. आता बघ."

त्याने दांडा तिच्या हातात दिला. तिने हलवून बघितला. अजिबात हलेना. झाकण असं बसलेलं की सांधा शोधावा लागावा. पण हलायला हवं होतं. किंचित. दातादातात केसभर फट हवी, ग्रीसला शिरायला, तापल्यावर पोलादाला फुगायला. सुरीची मूठ हलली तर लोहाराची बेअब्रू, ते खरं. पण गिअर हलला नाही तर तो स्वतःला खातो. हे दुसऱ्या वर्षाला शिकवतात. बापाला कोण शिकवणार?

"चांगलं आहे ना?" बापाने विचारलं. हातात कानस, मिशीवर ॲल्युमिनियमची भुकटी. तिच्याकडे बघत नव्हता, पेटीकडे बघत होता.

आणि मी म्हणाले, चांगलं आहे.

मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही. म्हणाले कारण... कारणं काय, शंभर देता येतील. त्याचा चेहरा. ते कमळ. एवढ्या वर्षांनी बापाचं काहीतरी कोणाला तरी हवं झालं होतं, आणि त्याला मी, त्याच्या पैशांवर शिकलेली मी, त्याच्याच ऐरणीशी उभी राहून सांगू, की बापा, चुकलं? लहान पोराने चित्र दाखवावं आणि विचारावं, छान आहे ना? तेव्हा कोणी म्हणतं का की घोड्याचे पाय चुकलेत? मी मनाशी म्हटलं, चालून चालून बसेल. नवं आहे, घट्ट आहे, दात एकमेकांना घासून आपली जागा करतील. तीन पेट्यांनी केलीही असेल. आणि टेबलावर, बिनओझ्याची, चारही चाकं फिरलीच की छान! मी खुशीत उडीसुद्धा मारली सगळ्यांबरोबर. आता चौथी पेटी माझ्या अंगठ्यावर चमकतेय.

पुजाऱ्याची घंटा थांबली. लोक उठले, एकमेकांना केळी आणि तांदळाचे लाडू वाटू लागले. बापाने जवळ येऊन झाकणावर तळवा ठेवला, नुसता ठेवला, आणि म्हणाला, "चल लुह, घरी आई वाट बघतेय. भट्टीची पूजा राहिलीय." लुह म्हणजे पोरी. तो तिला नावाने कधी हाक मारत नाही.

मोटरसायकलच्या हँडलला पानांची झालर बांधलेली, वाऱ्याने फडफडणारी. रस्त्यावर जी दिसेल ती गाडी नटलेली होती, ट्रक, स्कूटर, एक रुग्णवाहिकासुद्धा. विरास्ती मागे बसून बापाच्या मानेकडे बघत होती. मान काळी पडलीय, सुरकुत्यांत वर्षांची काजळी, कितीही धुतली तरी जात नाही. आता सांगते. पुढचं वळण आलं की सांगते. वळण आलं आणि गेलं. काय सांगू? की तू काढलेल्या चकत्या परत घालायच्यात? त्या तिच्या खणात होत्या. बापाने त्या दिवशी कागदात बांधून परत दिल्या होत्या, "तुझं सामान" म्हणून. म्हणजे पेटी उघडायची, चकत्या घालायच्या, झाकण घट्ट करायचं, एवढंच काम. तासाभराचं. तासाभराच्या कामासाठी माणूस असा आतून कुरतडला जातो...

"बापा —"

"काय?"

"काही नाही."

थोडं पुढे गेल्यावर तोच म्हणाला, वाऱ्यामुळे ओरडून, "टीव्हीवर पेटी दिसेल का गं? का चाकाच्या मागे झाकली जाईल?"

"दिसेल."

"आणि कमळ?"

"ते... कॅमेरा जवळ आला तर दिसेल."

"मग येऊ दे जवळ!" तो हसला, आणि त्याची पाठ हसताना हलली ती तिच्या तळव्यांना कळली. हरामखोर आहेस तू, तिने स्वतःला सांगितलं. मैदानात अर्ध्यात ते चाक आवळून धरलं की रोबो जागच्या जागी गरगर फिरेल आणि कॅमेरा नक्कीच जवळ येईल. कशाने अडलं ते बघायला. अख्खा देश बघेल. बापा घरी शेजाऱ्यांना गोळा करून बसलेला असेल, आई कॉफी देत असेल, आणि कमळ अगदी स्वच्छ दिसेल. आता सांगितलं तर त्याचा एक दिवस जाईल. नाही सांगितलं तर... पण नाहीच अडकलं तर? चार सामने, प्रत्येक जेमतेम तीन मिनिटांचा. काढेल कदाचित तेवढे. काढेलही! झिजून झिजून जागा होईल आणि उलट सुरळीतच चालेल, आणि मग बापाचा सण उगाच नासवला असं होईल. असं ती घर येईपर्यंत घोळवत राहिली. एकदा या कुशीवर, एकदा त्या.

भट्टी थंड होती. ऐरणीला काळं-पांढरं चौकडीचं कापड नेसवलेलं, घण, सांडशी, कानशी धुऊन ओळीने मांडलेल्या, त्यांच्यापुढे भाताचा उंच ढीग, भाजलेलं बदक, फुलं. आईने तीर्थ शिंपडलं. आज दार सताड उघडं होतं, विरास्ती उंबऱ्यात बसली होती, तिला कोणी उठ म्हणालं नाही. पूजा आटोपल्यावर तिथेच अंगणात पानं मांडली गेली. बापाचा धाकटा भाऊ, ओका काका, आधीच येऊन बसला होता. तोही लोहार, पण हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं.

"काय मग, टीव्हीवाले पांडे!" त्याने बापाला हाक घातली. "आता आमच्याशी बोलणार की नाही? सही-बिही देऊन ठेवा आत्ताच."

"जेव गप," बापा म्हणाला. पण खूश होता.

"नाही, पण मला एक सांग दादा. त्या यंत्रातलं तुला काय कळलं रे? कोयता आणि रोबो काय एक आहे? मला दिलं असतंस तर मी हात टेकले असते."

"मला कुठे काय कळतंय," बापा म्हणाला, भात कालवत. "मी माझ्या पद्धतीने केलं. हलत होतं, ते बंद केलं. मग तिला विचारलं. ती म्हणाली चांगलं आहे, म्हणून ठेवलं."

"आणि नाही म्हणाली असती तर?"

"तर उघडून परत केलं असतं. दुसरं काय?" बापाला प्रश्नच कळला नसावा. "हत्यार तिचं आहे. वापरणार ती. तिला नको विचारू तर काय तुला विचारू?"

ओका काका हसला आणि विरास्तीकडे वळला. "ऐक बाई, तू तर कधी आत आली नाहीस, तुला काय माहीत. तुझा आजोबा, आमचा बाप, कुणाचंही काम झालं की ते त्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, चांगलं आहे ना? आणि गप्प उभा राहायचा. लोक घाबरायचे त्या प्रश्नाला! कारण आहे तसं सांगावं लागायचं. एकदा एक जमीनदार, चांगला बडा माणूस, कोयता घेऊन म्हणाला, वा वा, उत्तम. आणि दोन दिवसांनी बाजारात दुसऱ्याचा कोयता घेताना दिसला. झालं! पुन्हा जन्मात त्याला या दारात उभं केलं नाही. तो पाया पडायला आला तरी नाही."

"का पण?" विरास्तीने विचारलं. "त्याने बिचाऱ्याने... आजोबांना वाईट वाटू नये म्हणूनच ना..."

"तेच तर," बापा म्हणाला. तो बदकाच्या हाडावरचं मांस सोलत होता, सहज बोलत होता, कोणाला उद्देशून नाही. "वाईट वाटू नये म्हणून. म्हणजे आम्हाला काय समजला तो? कुक्कुलं बाळ? नाही आवडलं तर सांग, आम्ही परत ऐरणीवर घेऊ. ते आमचं कामच आहे. कीव करायला त्याला कुणी सांगितलं होतं?"

मग त्याने ते मांस, चांगला मोठा तुकडा, उचलून तिच्या पानात टाकला. "खा. उद्यापासून काय मिळेल काय नाही."

विरास्ती पानाकडे बघत राहिली. ओका काका दुसरंच काही सांगायला लागला होता, आई हसत होती, आणि तिला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. त्या दिवशी तो पेटीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मला वाटलं, लाजतोय. मला वाटलं, शाबासकी मागतोय आणि मागताना डोळे लपवतोय... तो वाट बघत होता. जाणत्या माणसाला विचारावं तसं त्याने मला विचारलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभा होता, त्याच्या बापासारखा. आणि मी त्याला गोड बोलले. त्याला चालेल का, सोसेल का, असा हिशेब मी केला, मी! तो कधी मला सोसेल का म्हणून खोटं बोलला? माझी बारावीची मार्कशीट बघून याच अंगणात म्हणाला होता, कमी आहेत.

भाजलेल्या मांसाचा वास येत होता. ऊन अंगणातून सरकत भिंतीला लागलं होतं. तिकडे देनपसारच्या वर्कशॉपात अरिमबावाने आता खोक्याच्या फळ्या बाहेर काढल्या असतील. सकाळपासून, छे, कितीतरी दिवसांपासून ती एकच गोष्ट उराशी बाळगून हिंडत होती. त्याला काय वाटेल, बिचाऱ्याला काय वाटेल... मायाच होती ती, खोटी नव्हती. पण आता ती माया शोधायला गेली तर सापडेना. बापाला काही होणार नव्हतं. तो पान्हा मागेल, इथून देनपसारला जाईल, झाकण उघडेल, फारतर सणाची क्षमा मागून दोन फुलं वाहील. ते सगळं तिला स्पष्ट दिसत होतं, आणि त्याच्या पुढचंही दिसत होतं. झाकण परत बसवून झालं की तो मान वर करेल आणि विचारेल, तुला त्या दिवशीच माहीत होतं?

आपल्याला बापाची भीती वाटतेय, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं. त्याला काय वाटेल, ते आता तिच्या मनातही नव्हतं. तो काय म्हणेल, एवढंच होतं. तिने मांसाचा तुकडा तोंडात घातला, चावला, आणि तो गिळून होईपर्यंत ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली.